बत्तीसपासून बावीसपर्यंत

"ओढा, दादा. रिकामं आहे, भिऊ नका," शिकलगार म्हणाले.

यांच्या हातात काळं पिस्तूल होतं आणि नळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलेली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर माझा फिरकीचा तांब्या. बाहेरचं पाणी मी घेत नाही. कुठंही जायचं झालं तर घरून गाळलेलं पाणी सोबत असतं. सांगलीच्या पेठेतल्या बंदुकांच्या दुकानात तांब्या घेऊन आलेली बाई शिकलगारांनीही पहिल्यांदाच पाहिली असावी. आल्या आल्या त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, आणि भिंतीवर टांगलेलं सांबराचं शिंग हळूच उतरवून आतल्या खोलीत ठेवून आले. माझ्यासाठीच केलं ते. माणूस भला होता.

"आधी हा वरचा भाग मागं खेचायचा. खेचला की गोळी नळीत जाते. मग चाप."

यांनी डाव्या हातानं वरचा भाग धरला आणि खेचला. तो जागचा हलला नाही. उजव्या मुठीतलं पिस्तूलच ओल्या साबणासारखं फिरलं आणि टेबलावरच्या हिरव्या फडक्यावर पडलं.

"अरं लेका!" सुभेदार इंगवले मोठ्यानं हसले. "सकाळचं दूध प्यायला न्हाईस काय? वहिनी, तुमच्याबरुबर ह्येला बी उपास घडवताय काय ओ?"

"मी कशाला घडवू," मी म्हटलं. पण मनातून मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

सुभेदार म्हणजे यांचे शाळेपासूनचे मित्र. फौजेतून निवृत्त होऊन गावात आलेले. हत्याराची पारख त्यांना, म्हणून त्यांना बरोबर घेतलं होतं. आणि मला बरोबर घेतलं होतं ते, घरात एकटी असले तर मलाही ते चालवता यावं म्हणून. मी हात लावणार नाही, हे मी निघतानाच सांगितलं होतं. "बघ तरी," हे म्हणाले होते.

आमचा मळा गावापासून दोन मैलांवर. द्राक्षबाग, विहीर, चार खोल्यांचं घर, आणि घरात आम्ही दोघंच. मुलगी हुबळीला दिलेली. पलीकडच्या मळ्यात पायगोंडा अण्णा आणि अक्काताई राहायचे. आम्ही दुकानात गेलो त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या घरात चोर शिरले. अण्णांच्या डोक्यात पहार घातली आणि अक्काताईंच्या कानातल्या कुड्या ओढून नेल्या, पाळ्या फाडून. अण्णा जगले, पण त्यांना माणसं ओळखू येईनात. अक्काताई कानांवरून पदर घट्ट ओढून मंदिरात यायच्या.

तेव्हा यांनी खिडक्यांना गज बसवले, कुत्रा आणला आणि मला म्हणाले, "माझ्या हातात काठी आहे तोवर तुझ्या कानाला कोण हात लावतो बघू." त्या हातावर माझा भरवसा होता. उधळलेला खोंड शिंगाला धरून थांबवणारा हात तो.

मग वर्ष उलटून गेल्यावर, सगळं निवलेलं असताना, एका सकाळी एकाएकी म्हणाले, "त्रिशला, मी पिस्तुलाचा परवाना काढतोय."

"आता? आता काय झालं हो?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून."

"पण आपल्यात असलं हत्यार घरात ठेवायचं..."

"शास्त्र मलाही ठाऊक आहे. ठरवून केलेली हिंसा वेगळी, आणि अंगावर आलेल्याला अडवताना झालेली वेगळी. श्रावकाला दुसरीची मोकळीक आहे. मंदिरातल्या उपाध्यांना विचार हवं तर."

आम्हा जैनांचं शास्त्र तसंच आहे. मला वाद घालता येत नाही, आणि आवाज चढवून बोलायची सवय नाही. पोलीस येऊन चौकशी करून गेले, कागद कचेरीत फिरत राहिले, आणि मी मला जमतं ते केलं. माझे रोजचे नेम होतेच. सूर्य मावळल्यावर अन्न नाही. रविवारी मीठ सोडायचं, मंगळवारी गोड, शनिवारी तेल, अशी वारावारची एकेक वस्तू. देवाकडे काही मागून नेम करू नये असं आपल्यात सांगतात. मी मागितलं. परवाना मंजूर झाल्याचं कळलं त्या दिवशी पार्श्वनाथांपुढे हात जोडून म्हटलं, हे हत्यार माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस. हा विषय मिटेपर्यंत गोडाचा कणही तोंडात घालणार नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

"पिस्तूल राहू दे," शिकलगार म्हणाले. "मळ्यातल्या माणसाला रिव्हॉल्वर बरं. खेचाखेचीची भानगड नाही. हे घ्या, हेही बत्तीस बोअरचंच."

"बत्तीसनं माणूस थांबतो का? सरळ सांगा," हे म्हणाले.

"सरळ सांगू? बत्तीस म्हणजे तोफ नव्हे. याहून मोठं मिलिटरीकडं असतं, पोलिसांकडं असतं. ते आपल्याला परवान्यावर मिळत नाही. छातीत लागली तर माणूस बहुतेक खाली बसतो."

"बहुतेक?"

"औषधासारखं आहे, दादा. एकाला लागू पडतं, एकाला पडत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकानं चोराच्या मांडीत बत्तीस घातली. गडी तसाच कुंपणावरून उडी टाकून गेला. दुसऱ्या एकानं नुसतं हवेत झाडलं, तर चोर जागेवर बेशुद्ध."

"निम्मं काम नळीच करती बग," सुभेदार म्हणाले. "तोंडाम्होरं नळी आली की कोन गोळीचं माप इचारत बसत न्हाई."

"आणि एखादा बसला विचारत?"

"तर मग त्येला दाखवायचं, बाबा, ह्यो बत्तीस हाय, बस खाली!"

तिघंही हसले. यांनी रिव्हॉल्वर उचललं, परत त्या कॅलेंडरवर रोखलं आणि चापावर बोट ठेवलं. चाप अर्ध्यापर्यंत आला. तिथं थांबला. बोट थरथरलं आणि चाप परत पुढे गेला. यांनी दात आवळून पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"थोडा जड आहे पहिल्यांदा," शिकलगार समजुतीनं म्हणाले. "अंगठ्यानं हा मागचा घोडा चढवून घ्या, मग चाप लोण्यासारखा चालतो."

अंगठा घोड्यावर ठेवला, तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुभेदार आता हसत नव्हते. ते कॅलेंडरकडे बघत राहिले.

"हे बघा एक," म्हणून शिकलगारांनी आतून एक डबी आणली. तिच्यात तळहाताएवढं चपटं पिस्तूल होतं, कडेला झिजून पांढरं झालेलं. "इंग्रजाच्या वेळचं. पंचवीसचं आहे. साहेबाची मडम पर्समध्ये ठेवायची म्हणे. हाताला हलकं, पण खरं सांगतो, गोळी गरीब आहे. अगदी जवळून आणि उघड्या अंगावर लागली तर ठीक. जाड कापडात जाऊन थकते."

"मग झालंच की," सुभेदार म्हणाले. "मळ्यातला चोर घोंगडं पांघरूनच येतोय."

ते पिस्तूलही खेचलं गेलं नाही. यांची बोटं त्याच्यावरून नुसती सरकत राहिली.

शेवटी शिकलगारांनी छोटं रिव्हॉल्वर काढलं. "बावीस. याच्या खाली माझ्याकडं काही नाही. हे बायामाणसंही चालवतात. झटका नाही, आवाज बेताचा. लागलेली बावीस चुकलेल्या बत्तीसपेक्षा कधीही बरी, हे माझं मत."

"थांबवतं का?"

"थांबवतं, पण हळूहळू. गोळी शेंगदाण्याएवढी. बाहेर थेंबभर रक्त. लागलेला माणूस आपल्या पायानं घरी जातो, भाकरी खातो, बायकोशी बोलतो. त्याला वाटतं, काही झालं नाही. आणि ती आत फिरत असते."

दुकानात आल्यापासून मी एक शब्द जास्तीचा बोलले नव्हते. तेव्हा मला राहवलं नाही.

"भाई," मी विचारलं, "यातल्या कशानं माणूस मरत नाही?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. शिकलगारांनी हातातलं रिव्हॉल्वर फडक्यावर ठेवलं.

"वहिनी, तसलं एकही माझ्याकडं नाही. असतं तर विकलं नसतं. घरी ठेवलं असतं."

मग त्यांनी त्या रिव्हॉल्वरमध्ये वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बसवल्या. बावीसचा घोडा नुसताच मारला तर आतली सुई खराब होते म्हणाले. यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. दोन बोटं चापावर घातली. कपाळावरची शीर फुगली. आणि "टक" असा आवाज झाला. एकदाच. यांनी ते इतक्या हलक्या हातानं खाली ठेवलं, जणू झोपलेलं मूल ठेवतायत, आणि रुमालानं हात पुसत राहिले.

"सवय नाही, एवढंच," शिकलगार म्हणाले. "महिनाभर रबरी चेंडू दाबा. बावीसचं तुमच्या नावानं बाजूला ठेवतो."

दुकानाच्या पलीकडेच रसवंती होती. चरकाचे घुंगरू वाजत होते. सुभेदार मोटार आणायला गेले आणि यांनी सवयीनं माझ्या तांब्यावरचं फुलपात्र काढून पुढे केलं; बिनबर्फाचा रस मी माझ्या फुलपात्रातून घेते, हे त्यांना ठाऊक.

"मला नको," मी म्हटलं.

"का? आज शनिवार. तेल वर्ज्य, गोड नव्हे."

माझे वार त्यांना माझ्याहून पाठ. मी त्यांच्या हातातलं फुलपात्र घेऊन परत तांब्यावर बसवलं.

"त्रिशला, जादाचं काही धरलंयस तू. कधीपासून?"

"असंच."

"काय मागितलंयस?"

मला खोटं बोलता येत नाही. मी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे तू बोट धरून ठेवलंयस होय माझं! आणि मी मेला आपला जोर लावतोय!"

किती मोकळं हसले. आत्ता कळतं, सुटल्यासारखं हसले.

सुभेदारांनी ही हकिगत गावात कशी सांगितली असेल ते काय सांगू. ज्यानं खोंड अडवला त्याच्या बोटाला बावीसचा चाप ओढवेना, आणि बायकोनं गोड सोडलेलं. चार दिवसांत मंदिरात सगळ्यांच्या तोंडी तेच. दशलक्षण पर्व चालू होतं, मंदिर भरलेलं. उपाध्ये पूजा संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "हत्यारं कमी-जास्त मापाची होती, पण आत्म्यानं एकाही मापाला रुकार दिला नाही. आत्मा राजी नसेल तर बोट कसं राजी होईल? धरणेंद्र चौगुल्यांनी आपल्याला अहिंसा शिकवली." बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अक्काताईंनी माझा हात दाबला. मी मान खाली घातली, पण ऊर भरून आला होता माझा.

आमच्यासारख्यांनाच असं वाटू शकतं. दुसऱ्या कुठल्या घरात माणसाच्या बोटातली शक्ती गेली असती, तर त्यांनी पहिल्यांदा डॉक्टर गाठला असता. आम्ही पेढे वाटले.

यांनीही ते मानलं. "जाऊ दे. नाही आपल्या रक्तात," असं लोकांना सांगायला लागले. परवाना परत करायचं ठरलं. "तो परत केला की विषय मिटेल. मग मी माझ्या हातानं तुला गूळ भरवीन," मला म्हणाले.

अनंत चतुर्दशीला अभिषेकासाठी गंध उगाळायचा मान यांना दिला. एवढ्या माणसांत नाही म्हणता येईना. ते सहाणेपुढे बसले, चंदनाचं खोड हातात घेतलं. मी बायकांच्या रांगेत पुढेच होते. आमच्या घरी रोज गंध हेच उगाळायचे. लग्न झालं तेव्हापासूनची रीत. पण त्या आषाढापासून त्यांनी ते काम मला दिलं होतं. "पुण्य सगळं मीच घेत बसलोय, थोडं तू घे," असं म्हणून. मला केवढा आनंद झाला होता त्याचा.

खोड सहाणेवर फिरायला लागलं आणि निसटलं. यांनी उचललं, परत फिरवलं. परत निसटलं आणि फरशीवरून घरंगळत थेट माझ्या पायाशी आलं. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "भाव दाटून आला." मी खोड उचलून त्यांना द्यायला वाकले, आणि त्यांचा हात मी जवळून पाहिला.

अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे जो मांसाचा उंचवटा असतो, तो नव्हता. तिथं खळगा होता. पाटाच्या पाण्यानं बांधाची माती आतून खचावी तसा. आणि त्या खळग्यात कातडीखाली काहीतरी बारीक बारीक हलत होतं. हात स्थिर होता, पण ते हलत होतं.

मी खोड त्यांच्या हातात दिलं नाही. स्वतःच बसून गंध उगाळलं. बायका म्हणाल्या, जोडीनं सेवा केली.

घरी आल्यावर मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला. दुपारचं ऊन होतं, बागेत माणसं होती. हळूहळू सगळं माझ्यापुढे येऊन उभं राहायला लागलं. शर्ट सोडून नेहरू सदरा घालायला लागले होते, त्याला गुंड्या कमी. कुलूप डाव्या हातानं काढायचे. छाटणीची कात्री गड्याच्या हातात दिली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या छाटणीपासून. कात्री मिटेना."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी बागेकडे तोंड फिरवलं.

"काय सांगू? मळ्यात आपण दोघं. वाटलं, वयाचं असेल, जाईल. गेलं नाही. एकदा रात्री कुत्रं भुंकलं म्हणून उठलो, तर काठी हातात राहीना." त्यांनी हात माझ्या मांडीवरून काढून घ्यायचा प्रयत्न केला, मी धरून ठेवला. "म्हणून परवाना काढला, त्रिशला. हाताचं काम एखाद्या यंत्रानं होईल असं वाटलं. नुसतं बोट हलवायचं तर आहे. अक्काताईंचे कान बघितलेत मी. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत."

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"आणि दुकानात कळलं, तेवढंही होत नाही. बत्तीस नाही, पंचवीस नाही. बावीस कसंबसं एकदा. तू गोड सोडलंयस हे कळलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं गं. म्हटलं, असेल. तिच्या व्रतानंच अडवलं असेल. हाताला काही झालेलं नाही."

मिरजेच्या डॉक्टरांनी खूप तपासण्या केल्या. सुया टोचून नसा बघितल्या. डॉक्टर तरुण होते, आमच्या जावयाच्या वयाचे. बोलताना चष्मा काढून पुसत राहिले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत म्हणाले. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास.

"औषध?" यांनी विचारलं.

"नाही, काका. अजून निघालेलं नाही."

"आधी आलो असतो तर?"

"तरीही हेच सांगितलं असतं."

हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. त्यांचे उपकार मानते मी. खरं असेल, नसेल. पण मला ते घेऊन जगता आलं.

"डोकं शाबूत राहील?" यांनी विचारलं.

"राहील. शेवटपर्यंत."

"मग बरं," हे म्हणाले. डॉक्टरांनी मान खाली घातली.

परत येताना हे सुभेदारांना म्हणाले, "गाडी पेठेतून घे. शिकलगारांना सांगून जाऊ. बिचाऱ्यानं बावीसचं अडवून ठेवलंय."

शिकलगार आम्हाला बघून उठले, खुर्ची पुसली, सांबराच्या शिंगाकडे वळले. "राहू द्या भाई," मी म्हटलं.

"दादा, चेंडू दाबला का?"

यांनी उजवा हात टेबलावरच्या हिरव्या फडक्यावर ठेवला. जिथं ती सगळी हत्यारं एकेक करून ठेवली होती, तिथं. शिकलगारांनी पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"मला वाटलं, वहिनींची पुण्याई," ते हळू आवाजात म्हणाले.

"सगळ्यांनाच वाटलं. मलाही." मग हे हसले. "तुम्ही सांगितलं होतं ना, बावीस लागलेला माणूस आपल्या पायानं घरी जातो. भाकरी खातो, बायकोशी बोलतो. बाहेर थेंबभर रक्त. तसंच आहे हे, शिकलगार. ते हत्यार द्या कुणाला तरी. मला आधीच लागलीय."

सुभेदार पाठ फिरवून दारात जाऊन उभे राहिले. शिकलगार आत गेले आणि तीन पेले पाणी घेऊन आले. एक पेला माझ्यापुढे धरला, मग त्यांना माझा तांब्या दिसला. तो पेला तसाच हातात धरून ते उभे राहिले. त्याचं काय करावं ते त्यांना सुचेना.

पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही. पुढच्या वर्षीची छाटणी यांनी खाटेवरून पाहिली, त्याच्या पुढची पाहिली नाही. सुभेदार रोज संध्याकाळी काठी घेऊन यायचे आणि आमच्या ओट्यावर झोपायचे. "घरात लई उकडतंय," असं थंडीतसुद्धा म्हणायचे. आमच्या मळ्यात चोर कधी आला नाही. माझे कान आजही शाबूत आहेत. शेवटी शेवटी यांना बोलता येत नव्हतं, तेव्हा हे माझ्या कानांकडे बघायचे आणि डोळे मिटायचे, म्हणजे ठीक आहे.

पण त्या दिवशी शिकलगारांच्या दुकानातून बाहेर पडल्यावरचं एक सांगायचं राहिलं.

चरकाचे घुंगरू वाजत होते. मी मोटारीकडे चालायला लागले आणि मागे वळून पाहिलं, तर हे रसवंतीपाशी थांबलेले. माझ्या तांब्यावरचं फुलपात्र त्यांनी कधी काढून घेतलं होतं ते मला कळलंच नाही. रसवाल्यानं ते काठोकाठ भरलं. यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि माझ्यापर्यंत चालत आले. रस हिंदकळून त्यांच्या बोटांवरून खाली गळत होता.

"घे. विषय मिटला, त्रिशला. हत्यार घरात आलं नाही. तुझा नेम पुरा झाला."

"अहो, आज मंगळवार," मी म्हटलं.

ते थबकले. माझे वार आयुष्यात पहिल्यांदा चुकले होते त्यांचे. "अरेरे," म्हणाले. "मंगळवार होय. राहिलंच की माझ्या ध्यानात." आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलं, फुलपात्र ठेवायला जवळ काही नव्हतं. रसवाल्याची फळी पाच-सहा पावलांवर होती. तेवढं परत जायचं बळ त्या हातांत उरलेलं नव्हतं. मनगटं कापायला लागली होती. पितळी काठावर फेस थरथरत होता.

लहानपणापासून मी शेकडो नेम घेतले आणि सगळे पाळले. मोडलेला तेवढा एकच.

मी त्यांच्या हातांखाली माझे हात धरले, फुलपात्र ओठांना लावलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.